मदत हवी आहे: वेगवेगळ्या जाडीचे चौकोन एकाच गोधडीत कसे जोडावेत?

नमस्कार,

आमच्या शिवणगटात मिरज, सांगली, म्हापसा, बेळगाव आणि टोरांटो येथील मिळून सोळा जणी आहेत. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर भिंतीवर लावण्याची एक गोधडी आम्ही सर्वजणी मिळून करत आहोत. प्रत्येकीने पंधरा इंचांचा एक चौकोन करून, चारही बाजूंना अर्धा इंच माया सोडून, तो माझ्याकडे पाठवायचा, एवढेच ठरले होते. कापडाचे बंधन मुद्दामच घातले नव्हते, कारण घरातले वापरलेले कापडच गोधडीत यावे यावर सर्वांचे एकमत होते. आता सगळे चौकोन माझ्याकडे आले आहेत. ते एकेकटे पाहताना फार सुंदर दिसतात, पण शेजारी शेजारी ठेवले की अडचणी दिसू लागतात.

मिरजेच्या चौकोनात सतारीचे दुकान असून त्यासाठी जुन्या पैठणीचा पदर वापरला आहे आणि तारा जरीच्या टाचल्या आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या चौरिसांच्या (गोव्यातल्या मसालेदार सॉसेजच्या) माळा कापूस भरून केल्या आहेत व त्या कापडावर जवळजवळ इंचभर उठून दिसतात. बेळगावच्या खडेबाजाराचा रस्ता जीन्सच्या जाड कापडाचा आहे, तर टोरांटोच्या मैत्रिणीने तिथल्या सेंट लॉरेन्स मार्केटसाठी मुलांचे टी-शर्ट कापले आहेत आणि ते कापड हात लावला तरी ताणले जाते. सांगलीच्या चौकोनात हळदीचे ढीग दाखवलेले कापड खरोखरच हळदीत रंगवलेले आहे. सांगलीचा बाजार आणि बाजारातला पिवळा रंग मात्र दुकानातून आणलेला, हे त्या बाईंना मान्य नव्हते आणि मलाही त्यांचे म्हणणे पटते.

माझा मुख्य प्रश्न जोडणीचा आहे. गटातील ज्येष्ठ सदस्यांच्या मते चौकोन एकमेकांना जोडून, खाली जुन्या लुगड्यांचे थर घालून, बोटभर अंतरावर सलग धावदोरा घालावा, कारण वरचे तुकडे आणि खालचे थर एकाच दोऱ्याने बांधले गेले तरच तिला गोधडी म्हणता येईल. मला त्यांचा मुद्दा योग्य वाटतो, पण तो दोरा सतारीच्या तारांवरून आणि चौरिसांच्या माळांवरून गेला तर चित्रे मोडतील, अशी भीतीही वाटते. दुसरे मत असे की, प्रत्येक चौकोन आपापल्या थरांसह पूर्ण करावा आणि मग जोडावा. बेळगावच्या मैत्रिणीने कर्नाटकातल्या हल्याळकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातील स्त्रियांच्या कवंद्या, म्हणजे त्यांच्या गोधड्या, जवळून पाहिल्या आहेत. त्यात जुनी साडी पायाला अंथरून, कडेपासून तुकडे लावत आणि ते शिवत शिवत फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत जातात. आपणही तसेच करावे, असे ती सुचवते. हा मार्ग मला मनापासून आवडतो, पण तयार चित्रांचे चौकोन त्या क्रमाने बसवणे अवघड दिसते आणि सर्वांना एका जागी बसून शिवणे शक्य नाही.

दोन प्रश्न आणखी आहेत. गोधडी काही महिने प्रत्येक गावी फिरवायची आहे, तेव्हा ती कशी टांगावी आणि कशी पाठवावी? शिवाय पुढे एखादीला आपला चौकोन परत हवा झाल्यास तो काढता यावा, अशी सोय आधीच ठेवता येईल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच जोडणीचे उत्तर आहे, असे मला वाटते. चौकोन परत काढता यावेत ही इच्छा खरी असेल, तर सलग धावदोऱ्याचा विचार सोडावा लागेल, कारण एकदा सर्व थरांतून गेलेला दोरा उसवल्याशिवाय एकही तुकडा सुटणार नाही. अमेरिकेतील एड्स स्मृती क्विल्टची, म्हणजे एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत केलेल्या गोधडीची, रचना या दृष्टीने अवश्य पाहावी. वॉशिंग्टनला 1987 च्या ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात 1,920 फलक होते. प्रत्येक फलक तीन फूट बाय सहा फूट, आणि असे आठ फलक जोडून बारा फुटांचा एक चौकोन होतो. कुणी चामडे वापरले, कुणी कपडे, कुणी खेळणी. तरीही ती एकसंध दिसते, कारण फलकाचा आकार ठरलेला आहे आणि आतल्या मजकुरावर काहीच बंधन नाही. तुमच्याकडेही नेमकी तीच स्थिती आहे.

प्रत्येक चौकोनाला मागून अस्तर, मध्ये लुगड्याचे एक-दोन थर आणि चारही बाजूंना एकाच रंगाचा दीड इंची गोट लावावा. धावदोरा चित्राच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत प्रत्येकीने आपल्या हाताने घालावा, म्हणजे ज्येष्ठ सदस्यांच्या मताचाही मान राहील. टी-शर्टच्या चौकोनाला मागून इस्त्रीने चिकटणारे अस्तर आधी लावावे, नाहीतर गोट शिवताना कापड ओढले जाऊन चौकोन वाकडा होईल. पैठणीचा पदर जुना असेल तर त्याखाली मलमल टाचावी. जुने रेशीम घडीच्या रेषेवर फाटते. जीन्सचा भाग मायेत दुमडू नये, तिथली माया कापून गोटातच झाकावी. मग गोटाला गोट भिडवून, कापडाच्या रंगाच्या दोऱ्याने आडवे टाके घालून चौकोन जोडावेत. हे टाके कात्रीने सहज कापता येतात आणि चौकोनाला इजा होत नाही.

टांगण्यासाठी वरच्या कडेच्या मागे चार इंच रुंद कापडी नळी शिवून त्यातून सपाट पट्टी घालावी. केवळ वरच्या कडेला भोके पाडून दोऱ्या बांधल्यास सगळा भार त्या मोजक्या ठिकाणी येतो आणि मधला भाग खाली लोंबतो. पाठवताना घड्या घालू नयेत. जाड पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावी. म्हापशाच्या माळा मात्र गुंडाळल्यास दबतील, म्हणून तो चौकोन सोडवून वेगळ्या खोक्यात पाठवणे उत्तम.

प्रतिसाद:

वरील सूचनांना माझी सहमती आहे. फक्त हळदीविषयी लिहिते, कारण तुम्ही ते ओघात सांगितले असले तरी सर्वांत आधी तोच चौकोन बिघडेल. हळदीचा रंग उन्हात झपाट्याने फिका पडतो. तुरटी लावली तरी फारसा फरक पडत नाही, आणि मीठ घातलेल्या पाण्याने रंग पक्का होतो हे घरोघरी ऐकलेले हळदीला लागू नाही. साबण लागल्यास पिवळ्याचा तांबूस होतो, म्हणून गोधडी धुण्याचा विषयच काढू नये. धूळ मऊ ब्रशने झटकावी. संग्रहालयांत नाजूक कापडांवर साधारण पन्नास लक्सइतकाच (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक), म्हणजे मंद प्रकाश ठेवतात. घरात किंवा सभागृहात ते मोजत बसण्याची गरज नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळावी. ढीग वेगळ्या कापडाचे करून वरून टाचले असतील, तर फिके पडल्यावर त्याच बाईंनी नव्याने रंगवून बदलून द्यावेत. सांगलीत हळदीचा तुटवडा नक्कीच नाही!

धागाकर्ती:

दोघींचे मनापासून आभार. गोटाची पद्धत गटाला कळवली आहे आणि ज्येष्ठ सदस्यांनी एका अटीवर होकार दिला आहे: चौकोन जोडणारा दोरा जुन्या लुगड्याच्या काठातून काढलेला असावा. असा दोरा सोळा चौकोनांचे वजन पेलेल का, की त्याला मेण लावून दुहेरी घ्यावा, हे कुणी सांगू शकेल का?