मदत हवी आहे : गरोदर बहिणीला सिफिलिस, नवरा तपासणीला तयार नाही

नमस्कार. वेगळ्या आयडीने लिहितेय, समजून घ्या.

धाकट्या बहिणीला चौथा महिना चालू आहे. सिफिलिसची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आली. गरोदरपणात ही कधी कधी खोटीही येते म्हणून खात्रीसाठी टीपीएचए ही दुसरी तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. बेन्झाथिन पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू आहेत, आठवड्याला एक अशी तीन. दोन झाली.

घरी मात्र वेगळंच चाललंय. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलंय, कडेला लाल नेलपेंटचा ठिपका लावून. संडासात तिच्यामागून फिनेल. परवा गेले तर ती ते ताट घासून स्वतःच खालच्या फळीवर ठेवत होती. मला बघवलं नाही. अहो, हा आजार ताटवाटीतून, संडासातून नाही पसरत. शरीरसंबंधातून पसरतो, आणि आईकडून पोटातल्या बाळाला होतो.

आणि ज्याची तपासणी व्हायला हवी तो नवरा म्हणतो, "मला काही त्रास नाही, मी कशाला रक्त देऊ?" सुरुवातीचा फोड दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, आजार मात्र अंगात राहतो. कुणामुळे कुणाला झालं हे मला उकरायचंच नाही. पण त्याने उपचार घेतले नाहीत तर तिला परत लागण होईल. त्याला कसं पटवू? सरकारी सुरक्षा क्लिनिकचा (लैंगिक आजारांसाठी असतं ते) कुणाला अनुभव आहे का? बाळाचं काय करावं लागेल?

---

ताई, मी अशा क्लिनिकमध्ये समुपदेशक होते. जोडीदाराला बोलावून घेणं हे आमचं रोजचंच काम. बहिणीला रिपोर्ट घेऊन जाऊ दे, नवऱ्याशी तिथलेच बोलतील. बायकोचं न ऐकणारे तिथे ऐकतात, बघितलंय मी. तपासणी, औषधं मोफत. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097, सरकारी एड्स हेल्पलाइन. त्याचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत.

तिसरं इंजेक्शन ठरल्या दिवशीच घ्या. गरोदरपणात लांबलं तर तिन्ही पुन्हा घ्यावी लागू शकतात.

टीपीएचए बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच येते, तेव्हा तो कागद सासूबाईंना दाखवत बसू नका. डॉक्टर व्हीडीआरएलचा आकडा (रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण) उतरतोय का ते बघतील. बाळंतपणानंतर बाळाचं रक्त तपासतात. आईच्या अँटिबॉडी बाळात उतरतात, म्हणून नुसतं रिअ‍ॅक्टिव्ह दिसलं तर धीर सोडू नका, आईच्या आकड्याशी ताडून बघतात.

ते ताट मात्र आजच सगळ्यांच्या ताटांत ठेवा.