साल्वादोरमध्ये वागताना कोणते शिष्टाचार पाळावेत?

प्रश्न : कामानिमित्त मला ब्राझीलमधील साल्वादोर येथे तीन आठवडे राहायचे आहे. नकळतही कोणाचा अवमान होऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : साल्वादोर १७६३ पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होते आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी व त्यांच्या वंशजांनी तेथील अन्न, संगीत व श्रद्धा घडवल्या, गुलामगिरी १८८८ मध्ये, म्हणजे फारच उशिरा संपली, याचे भान ठेवूनच बोलावे. कांदोंब्ले या आफ्रिकी मुळाच्या धर्मपंथाच्या विधीला बोलावणे आले तर अवश्य जा, मात्र काळे कपडे टाळा आणि परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नका. रस्त्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार वेषातील बाई वाटलेल्या चवळीचे गोळे पामतेलात तळून, मधोमध चिरून, त्यात सुकी कोळंबी भरून देते, ते अकाराजे. ती ‘गरम की थंड’ असे विचारते, तेव्हा तिखट हवे की नको, एवढाच त्याचा अर्थ असतो.

उत्तर २ : तेथील लोकांशी स्पॅनिश बोलू नका, भाषा पोर्तुगीज आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. अंगठा व तर्जनी जुळवून केलेली ‘छान’ची खूण तेथे अश्लील मानली जाते.

उत्तर ३ : चेहऱ्यावरून कोणाला परका समजू नका. १९०८ पासून आलेल्या जपान्यांची नातवंडे-पतवंडेही ब्राझिलियनच आहेत. गप्पांना सुरुवात करायची असेल, तर काजूचा विषय काढा. ते झाड मूळचे तिकडचे, पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले.