अंजनेरीची जैन मंदिरं: डोंगरावर की पायथ्याशी?

गोदाकाठ:
मंडळी, अंजनेरीच्या माथ्यावर अंजनीमातेचं मंदिर आहे, वाटेत जैन लेणं लागतं. पण शिलालेख असलेलं जुनं जैन मंदिर नेमकं कुठे? इथली सगळी मंदिरं हेमाडपंतीच का? आणि गाभारा उभा, मंडप मात्र कोसळलेला, असं का होतं?

ताशीव:
माथ्यावर शोधू नका. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर अंजनेरी गाव आहे. ही मंदिरं पायथ्याला, गावालगत विखुरलेली आहेत. बहुतेक जैन, काही हिंदू. आत मूर्ती नसेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीत मधोमध पाहा. तिथे, म्हणजे ललाटबिंबावर, पद्मासनातला जिन (तीर्थंकर) असेल तर मंदिर जैन. फक्त तो दगड मूळ जागचाच आहे ना, एवढी खात्री करा; पडलेले दगड पुढे दुसरीकडे बसवले जातात.

शिलालेख चंद्रप्रभाच्या मंदिराविषयी आहे. चंद्रप्रभ म्हणजे आठवे तीर्थंकर, लांछन (ओळखीचं चिन्ह) चंद्रकोर. काळ शके १०६३. त्यात ७८ मिळवा, इ.स. ११४१-४२ येतं. भाषा संस्कृत. सेऊणचंद्र यादवाने मंदिराला तीन दुकानं दिली आणि वत्सराज नावाच्या व्यापाऱ्याने एक दुकान व घर दिलं, अशी त्यात नोंद आहे. मला यातली दुकानं फार महत्त्वाची वाटतात. चालती पेठ असल्याशिवाय दुकानाच्या उत्पन्नावर देवाची पूजा कोण सोपवेल? आज जिथे खेडं दिसतं, तिथे तेव्हा भरलेला बाजार होता.

जोतं_आणि_तुळई:
'हेमाडपंती' नको, 'यादवकालीन' म्हणा. हे नाव ज्याच्यावरून आलं तो हेमाद्री (हेमाडपंत) हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. हा लेख त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा. तेव्हा यादवांची राजधानी देवगिरीला गेलीही नव्हती.

पडझडीबद्दल: गाभाऱ्याला जाड भिंती असतात, भार सरळ खाली उतरतो. मंडपाचं छत मात्र खांबांवर आडव्या ठेवलेल्या तुळयांवर. बेसॉल्ट दाब उत्तम सोसतो, वाक सोसत नाही. चुन्याशिवाय रचलेल्या सांध्यात वड-पिंपळाचं मूळ शिरलं की खांब जागचा हलतो, तुळई तडकते आणि तिच्यावरचं छत खाली येतं. म्हणून रोप बोटभर असतानाच काढायला हवं, आणि तेही पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी. जाड झालेलं मूळ ओढून काढलं तर सोबत दगडही येतो. सांध्यात सिमेंट भरणं आणखी वाईट: पाणी आत कोंडतं, सिमेंटमधले क्षार दगडाचा पृष्ठभाग सोलतात.

गोदाकाठ:
आभारी आहे. लेखाचा फोटो कसा घ्यावा? अक्षरांत खडू भरला तर चालेल?

ताशीव:
अजिबात नको. खडू, पीठ, तेल काहीच नको; कण खाचेत अडकतात, तेलावर धूळ धरते. विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपा उजेड टाका, म्हणजे खाचांत सावली पडते. आधी डावीकडून, मग वरून, असे निदान दोन फोटो घ्या. एकाच बाजूच्या उजेडात त्याच दिशेच्या रेघा पुसट होतात, मग मात्रा आणि काने चुकीचे वाचले जातात. शेजारी मोजपट्टी ठेवा, कॅमेरा दगडाला समोरासमोर धरा.