तळघरात डोकं गरम, पाय गार (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर आहे. रस्त्याच्या पातळीला हॉल, त्याखाली तळघर. तीन भिंती मातीत, चौथ्या बाजूला दोन खिडक्या. गेल्या वर्षी तिथं लॅमिनेट, भिंतींना प्लायचं पॅनेलिंग, वर पीओपी असं सगळं करून लेकीला अभ्यासाची खोली करून दिली. बारावीचं वर्ष, आणि वर कायम टीव्ही नाहीतर पाहुणे.

खोली 22 बाय 14, उंची जेमतेम 8 फूट. जिन्याजवळच्या भिंतीवर दीड टनाचा हॉट अँड कोल्ड एसी. 26 वर लावला की थोड्या वेळात थांबतो. तेव्हा एसीपाशी स्टुलावर उभं राहिलं तर घाम फुटतो आणि पलीकडच्या टोकाला टेबलाखाली थर्मामीटर 18 दाखवतो. लेक दोन-दोन मोजे घालून बसते. जिना उघडाच, त्यामुळं बिल तळघराचं आणि ऊब हॉलला.

एक्झॉस्ट फॅन लावून पाहिला. गरम हवा बाहेर गेली, फटींतून गार आत आली (हे आधी सुचायला हवं होतं). छताचा पंखा उलटा फिरवायचा तर इतक्या कमी उंचीत लावायचा कुठं? आई म्हणते, "कोळशाची शेगडी ठिव की खाली." बंद तळघरात कार्बन मोनॉक्साइड म्हणजे जिवाशी खेळ, ते बादच.

मिस्त्रींचं मत, पीओपीतून डक्ट नेऊन गरम हवा टोकाला सोडावी. फोडाफोडीआधी विचारतोय, फरक पडेल का?

प्रतिसाद

पीओपीला हात लावू नका इतक्यात. आधी जिन्याच्या तळाशी दार बसवा, तोवर जाड पडदा चालेल.

मग टेबलफॅन घ्या, पण गरम हवा ढकलायला नव्हे. गार टोकाला जमिनीवर ठेवून तोंड एसीकडं करा, अगदी कमी वेगावर. खालची गार हवा तिकडं सरकली की तिची जागा घ्यायला वरची गरम हवा आपोआप टोकाला येते. एसीची पाती पूर्ण खाली वळवा, जाळी धुवा. एसी लवकर थांबतो कारण त्याचा सेन्सर वर, गरम हवेत असतो. काही रिमोटमध्येच सेन्सर असतो, तुमच्यात असेल तर तो चालू करून रिमोट टेबलावर ठेवा.

एसी आतलीच हवा फिरवतो, तेव्हा दुपारी थोडा वेळ खिडक्या उघडत जा.

आणि एक, कुबट वास येतो का? येत असेल तर पॅनेलची एक फळी काढून भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल मातीतून येतेय. ओली भिंत वाळताना खोलीतली उष्णता ओढत राहते, मग हवा कितीही फिरवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पडदा आणि टेबलफॅन एवढ्यावरच टेबलाखाली 21 झालं, मोज्यांचा एक जोड उतरला. डक्ट रद्द, मिस्त्री जरा नाराज आहेत.

प्लास्टिकचं मात्र तुम्ही म्हणालात तेच निघालं. रस्त्याकडच्या भिंतीवर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब, आणि फळीची मागची बाजू काळी पडलेली. त्या भिंतीच्या वरच गच्चीच्या पाण्याचा पाइप मोकळा सोडलाय, आजवर लक्षच गेलं नव्हतं. पाइप आधी गटारापर्यंत नेतो. पण भिंत बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करावं, की एक पावसाळा पाहून ठरवावं? साताऱ्यात कुणी असं काम करून घेतलंय का?