बाळंतीण वाचते कशाने: माहितीने की रक्ताच्या पिशवीने?

सांजवात
बाळंतपणानंतर आठव्या दिवशी वहिनीचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. आम्हीच तिला सांगितलं, "जागरणं होतायत, जरा पड." संध्याकाळी बाळाला गुंडाळताना तिला दुपट्याचं टोकच सापडेना, नुसती चाचपडत राहिली. तेव्हा कुठे गाडी काढली. रक्तदाब १७०/११० निघाला. झटके येऊ नयेत म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट वेळेत सुरू झालं आणि ती वाचली.

बाळंतपणानंतरही रक्तदाब असा चढू शकतो, हे घरात एकालाही माहीत नव्हतं. 'सुखरूप सुटका झाली' म्हटलं की आपल्या लेखी विषय संपतो. पण मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरचे ४२ दिवसही धरतात, ते उगाच नाही. म्हणून माझं म्हणणं, आधी लोकांना जागं करा. बाकी सगळं त्यानंतर.

गुलमोहर
वहिनी वाचल्या, फार बरं वाटलं. पण तुमच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मी बाळंतपणाच्या कक्षात नर्स आहे. रक्तस्राव सुरू झालेली बाई नातेवाइकांनी अगदी वेळेत आणलेली मी पाहिली आहे. त्यांना सगळं कळत होतं, फक्त तिच्या गटाचं रक्त नव्हतं. तिचा नवरा दारात उभा राहून "अजून काय आणू?" असं विचारत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २,६०,००० स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर गेल्या. म्हणजे दर दोन मिनिटांना एक. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. तिथल्या बायका काय बेफिकीर आहेत? भिंतीवर पोस्टर लावणं स्वस्त पडतं, रक्तपेढी चालवणं महाग. म्हणून पोस्टर लागतं.

सांजवात
पण आम्ही घरातून निघालोच नसतो तर तुमची रक्तपेढी काय करणार होती? थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्येच तीन उशीर मांडले: निघायचं ठरवण्यात, पोचण्यात आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. पहिला उशीर आमच्या स्वयंपाकघरात झाला.

गुलमोहर
आणि तिसरा आमच्याकडे होतो. त्याबद्दल जनजागृती कोण करतं? व्हिएन्नातलं उदाहरण घ्या. तिथल्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाच्या तापाने, जास्त बायका मरतात, हे गावभर माहीत होतं. तिथे दाखल करू नका म्हणून बायका हातापाया पडायच्या. शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येणाऱ्यांना तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले. त्या बायकांना कळत होतं. कळत नव्हतं ते डॉक्टरांना!

पाणवठा
मला वाटतं गुलमोहरताईंनी स्वतःच सांजवातच्या बाजूचा पुरावा दिलाय. जागृती दवाखान्यातही लागतेच. बाळंतिणीचं किती रक्त गेलं हे नजरेने ठरवतात, आणि नजर हमखास कमी धरते. चादरीत मुरलेलं रक्त दिसणार कसं? केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त डोळ्यांसमोर मोजायचं, आणि ठरलेले उपचार एकेक करून बघत न बसता सगळे एकदम द्यायचे. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव लक्षात येत होते, इथे ९३ टक्के आले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं.

गुलमोहर
पिशवीचं मान्य. पण मोजून झाल्यावर द्यायला ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवणारं इंजेक्शन लागतं, ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. रात्रभर वीज गेलेल्या फ्रिजमधलं इंजेक्शन टोचून काय होणार? मला राग येतो तो याचा, की बाई गेली की सगळे म्हणतात 'उशिरा आणली'. दोष घरच्यांवर, नाहीतर तिच्यावरच.

कवडसा
मी सातव्या महिन्यात आहे. अशी चर्चा वाचून रात्री झोप लागत नाही. सतत धोक्यांच्या याद्या ऐकवून आम्हाला घाबरवणं, याला जागृती म्हणायचं का?

सांजवात
नाही, कवडसा. तुम्हाला घाबरवायचं नाहीये. ज्याला झटका येऊ घातलाय त्या माणसाने स्वतःच लक्षणं ओळखावीत, ही अपेक्षाच चूक आहे. वहिनीला धड दिसत नव्हतं. कळायला हवं होतं ते आम्हाला. हे सगळं तुमच्या घरच्यांना वाचायला द्या, तुम्ही झोपा.

गुलमोहर
हे मात्र पटलं. घरी सोडताना आम्ही माहितीचं कार्ड बाळंतिणीच्या हातात देतो. तिच्या एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पिशवी. आता मी विचारणार, "रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार?" जो पुढे येईल त्याच्या हातात देणार. रक्ताबद्दल माझं मत आहे तेच आहे, त्यासाठी भांडत राहीन.

कवडसा
कार्डावर काय असतं? नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवते.

गुलमोहर
न थांबणारं डोकेदुखीचं ठणकणं, नजर धूसर होणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, थंडी वाजून ताप, धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, आणि दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य सांगायचं: "ही बाळंतीण आहे, इतके दिवस झालेत."