बालविकास पडद्यावरून शिकता येतो का?

सत्तरीची बाय
गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका बालवाडीत मी सात वर्षं मदतनीस आहे. ऑनलाइन विद्यापीठातून बालविकास आणि कुटुंब अभ्यास घ्यायचा विचार आहे. पणजीला कॉलेजला जायचं तर जाण्यायेण्यातच तीन तास, आणि घरी दोन पोरं. सासूबाई म्हणतात, "चार वाढवली मी, कुठल्या कॉलेजात गेले होते?" मला वाटतं, हाताला सवय आहे, पण का करते ते मला सांगता येत नाही. घेऊ का?

फोंडेकर
माझं मत, नको. मी फोंड्यात बालवाडी चालवतो. गेल्या वर्षी एक पदवीधर मुलगी आली, वाढीचे सगळे टप्पे तोंडपाठ. पहिल्याच आठवड्यात एका पोराने चड्डीत केली, तर ही दारात उभी राहून मावशीला हाका मारतेय! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. लॅपटॉपसमोर बसून अंगण कसं दिसणार?

दर्यावरच्याची बायको
फोंडेकर, त्या मुलीची पदवी ऑनलाइन होती का? नसणार. मग दोष कोणाचा?

माझं सांगते. नवरा जहाजावर. नऊ महिन्यांनी घरी आला तेव्हा अडीच वर्षांचा मुलगा कपाटामागे लपला. मी त्याला ओढून बाहेर काढलं, "बाबा आहे रे तो" म्हणून ओरडले, वर एक चापट. पुढे दूरशिक्षणातून हाच विषय घेतला, त्यात ब्रॉनफेनब्रेनर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. मूल जिथे कधी पाऊल टाकत नाही, उदाहरणार्थ बापाची नोकरी, ती जागाही त्याला घडवते, असं तो म्हणतो. रात्री अकराला, भांडी घासून झाल्यावर वाचलं आणि ते कपाट आठवलं. पुढच्या खेपेला नवऱ्याला सांगितलं, आल्या आल्या उचलू नकोस, नुसता जमिनीवर बस. तिसऱ्या दिवशी पोर आपणहून मांडीवर.

फोंडेकर
हे पटलं. पण पुस्तकं सगळी अमेरिकेची. अनोळखी बाईजवळ मूल सोडून आई बाहेर जाते आणि ते रडतं का बघतात. आमच्याकडे मूल आजीकडे, काकीकडे, शेजारणीकडे. अनोळखी बाई आणायची कुठून?

पेडण्याचा पाव्हणा
तो प्रयोग मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थचा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. पण त्याआधी, १९५४-५५ मध्ये, बाई युगांडात गावोगाव घरी जाऊन बाळं बघत होत्या. म्हणजे आधी अंगण, मग प्रयोगशाळा. तरी तुमचा मुद्दा राहतोच, परीक्षेत बाल्टिमोरच येतं :)

म्हापशाची लेखनिक
तत्त्वज्ञान झालं असेल तर कामाचं बोलते. प्रवेशाआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम दोन्ही बघा. मान्यता असेल तर ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं वय हा पायाभूत टप्पा आहे, आणि गोव्यात तो २०२३-२४ पासून लागू झालाय. पण पदवी मिळाली म्हणजे शिक्षिकेची जागा मिळाली असं नाही, जाहिरातीतली अट वेगळी असते. आणि प्रत्यक्ष काम किती तास, ते लेखी विचारा. उत्तर "व्हिडिओ बघायचे" असं आलं तर फोंडेकरांचं खरं.

सत्तरीची बाय
नमुन्याचा एक धडा फुकट होता, मुलं विचार कसा करतात ते अभ्यासणाऱ्या पियाजेचा. काल घरी करून बघितला. दोन सारख्या पेल्यांत कोकम सरबत, मग एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतलं. साडेचार वर्षांचा धाकटा म्हणतो, "हे जास्त. हे वर आलं." आठ वर्षांची थोरली पोट धरून हसतेय. सासूबाई चुलीजवळून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, म्हणून हा दुधाच्या पेल्यावरून रोज रडतो!" आज सकाळी त्यांनीच दूध उंच ग्लासात दिलं. अर्धंच होतं. पोर खूश.

फॉर्म भरतेय. फोंडेकर, तुमच्या बालवाडीत आठवड्यातून एक दिवस बसू द्याल?

फोंडेकर
बुधवारी या. जुनी साडी नेसून.