४५ दिवसांत पैसे: छोट्या उद्योगाला आधार, की हातची ऑर्डर घालवणारा नियम?

मशीनशॉप, शिरोली
शिरोली एमआयडीसीत माझं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी यंत्रं), अकरा माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) विकत घेतो, मशिनिंग करून पंपाचे पार्ट देतो. गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकानं १० लाखांच्या मालाचे पैसे १३० दिवसांनी दिले. तोवर मी काय काय भरलं? त्या बिलावरचा १ लाख ८० हजार जीएसटी पुढच्याच महिन्यात. फाउंड्रीवाल्याला तीस दिवसांत, कारण तोही माझ्यासारखाच छोटा. पगार चार वेळा, वीजबिल चार वेळा, शिवाय बँकेच्या कॅश क्रेडिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज. घर तारण ठेवून काढलेल्या पैशांतून मी त्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलं, असाच याचा अर्थ होतो.

२००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. पण सतराएक वर्षं त्याला कुणी भीक घातली नाही. मग १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. मार्च २०२४ मध्ये गिऱ्हाइकांच्या अकाउंट्समधून मला स्वतःहून फोन आले, "तुमचा उद्यम नंबर पाठवा, पेमेंट सोडतोय." उद्यम म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी; ती असेल तरच हा नियम लागतो. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. या नियमाविरुद्ध ओरड चालू आहे, म्हणून हा धागा काढला. माझं मत, नियम राहिलाच पाहिजे आणि आणखी कडक झाला पाहिजे.

कापडपेठ, इचलकरंजी
दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण सगळ्या धंद्यांना एकच माप लावू नका. आम्ही यंत्रमागधारकांकडून कोरं कापड घेतो. ते राजस्थानात पाली, बालोत्राला प्रोसेसला (रंगाई-छपाईला) जातं, तिथून दुकानात, आणि दुकानदार लग्नसराईत किंवा दिवाळीत विकतो तेव्हा पैसा उलटा फिरतो. ९० ते १२० दिवस हे या साखळीचं वय आहे. मी ४५ दिवसांत द्यायचे, पण माझे पैसे?

व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पैसे मिळाल्याचं संरक्षण आम्हाला नाही. देताना मी मोठा आणि घेताना माझा कुणी वाली नाही. त्या मार्चमध्ये पेठेत काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. जुना, खात्रीचा माल देणाऱ्याला सोडून लोकांनी नोंदणी नसलेल्याकडून कापड उचललं. माझ्या ओळखीच्या दोन यंत्रमागधारकांना सरळ सांगण्यात आलं, "नोंदणी रद्द करा, नाहीतर सौदा बंद." एकानं केली. ज्याच्यासाठी कायदा केला, तोच कायद्याबाहेर गेला.

मशीनशॉप, शिरोली
हे वाचून वाईट वाटलं. पण यात दोष नियमाचा की नोंदणी रद्द करायला लावणाऱ्याचा? आणि साखळी लांब आहे म्हणून तिचा भार सगळ्यात शेवटच्या माणसानं का उचलायचा? मागावरच्या कामगाराला तुम्ही दिवाळीपर्यंत थांब म्हणाल का?

कापडपेठ, इचलकरंजी
नाही म्हणणार. खर्चीवाल्याची (मजुरीवर कापड विणून देणाऱ्याची) मजुरी मी कधीच थांबवली नाही, ती आठवड्याला जाते. मी बोलतोय ते कापडाच्या बिलाबद्दल. व्यापाऱ्यालाही हेच संरक्षण द्या, दुकानदारापर्यंत ४५ दिवस लावा, मी उद्या सही करतो. अर्धीच साखळी बांधली तर ती मधे तुटणार.

हिशेबनीस, सांगली
दोघांच्याही धंद्यातली खाती मी लिहितो. एक गोष्ट सुटतेय. आयकरातल्या त्या कलमाचा चिमटा बसतो तो ३१ मार्चला थकीत राहिलेल्या रकमेवर. मे महिन्याचं बिल डिसेंबरमध्ये चुकतं केलं, तरी खर्च त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणून मार्चमध्ये पैसे येतात आणि एप्रिलपासून पुन्हा जुनी चाल.

खरं हत्यार २००६ च्याच कायद्यात आहे: उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. ते व्याज देणाऱ्याला खर्चात धरताही येत नाही. तक्रारीवर सुविधा परिषदेनं (फॅसिलिटेशन कौन्सिलनं) दिलेल्या निवाड्याविरुद्ध देणाऱ्याला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर इतके दात असलेलं कलम क्वचित असतं. तरी माझ्या एकाही अशिलानं आजवर चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केलेली नाही. केल्या त्या संबंध तुटल्यावर.

व्हेंडर, चाकण
कारण तक्रार केली की दुसऱ्या दिवशी पीओ (खरेदीची ऑर्डर) बंद. माझा ८० टक्के माल एकाच कंपनीला जायचा. ते माल गेटवर उतरवून घ्यायचे आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) वीस दिवसांनी करायचे, वर म्हणायचे की ४५ दिवस जीआरएनपासून मोजा. कायद्यानं मोजणी माल पोचल्या दिवसापासून असते. हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी द्यावी लागते. हे मला माहीत होतं, पण बोललो नाही.

माझा विरोध नियमाला नाही, त्याच्यावर विसंबण्याला आहे. तीन वर्षं लावून मी चार गिऱ्हाइकं जोडली. दर थोडा कमी घेतला, पण आता कुणा एकाचा वाटा ३० टक्क्यांवर नाही. त्यातलं एक ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) आहे. त्यांनी बिल मान्य केलं की वित्तसंस्था बोली लावतात आणि थोडी कसर कापून पैसे आठवड्याच्या आत खात्यात येतात. पुढं कंपनी बुडाली तरी वसुली माझ्या अंगावर येत नाही. वर्षाला २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी आता सक्तीची आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला विचारून बघा.

मशीनशॉप, शिरोली
विचारलं होतं. नोंदणी केलीय म्हणाले, पण बिलं चढवत नाहीत. चढवायची सक्ती नाही, तिथंच घोडं अडतं. चार गिऱ्हाइकं जोडायची तर नवीन फिक्स्चर, नवीन गेज, सॅम्पल पास होईपर्यंत सहा महिने. त्याला लागणारं भांडवल त्या १३० दिवसांतच अडकलेलं असतं, भाऊ.

मला एवढंच हवंय की व्याज मागायची वेळ माझ्यावर येऊ नये. जीएसटी रिटर्नमुळे बिलाची तारीख सरकारकडे असतेच. पेमेंटचीही नोंद तिथंच होऊ द्या, आणि ४६ व्या दिवशी व्याज आपोआप लागू द्या. मग तक्रार करणारा मी उरत नाही.

कापडपेठ, इचलकरंजी
आपोआप व्याज सगळ्यांना, व्यापाऱ्यालाही, लागणार असेल तर माझा विरोध मागे. पण कापडाला ९० दिवस हवेत. त्यावरून मी हटणार नाही.

मशीनशॉप, शिरोली
नव्वद मला मान्य नाही. साठवर बोलूया?